चला, सोरोसोरो!

सात वाजून दहा मिनिटं. शेवटचा मेल गेलाय. एक्सेल शीट बंद झालीय. बाटली रिकामी, मोबाइल फुल चार्ज, बॅगेची चेन लावलेली. तरीही तुम्ही खुर्चीतच! का? कारण शेजारचा अजून स्क्रीनकडे बघतोय. तो का बघतोय? कारण पलीकडची अजून उठलेली नाही. आणि ती का उठत नाहीये? कारण केबिनमधला दिवा चालू आहे. थोडक्यात काय, काम सगळ्यांचं संपलंय आणि सगळे एकमेकांसाठी थांबलेत.

जपानी भाषेत नेमक्या या क्षणासाठी एक शब्द आहे. सोरोसोरो.

म्हणून बघा एकदा. सो-रो-सो-रो. चारही अक्षरं सारख्या वेळेची. पहिल्या 'सो'वर आवाज किंचित चढतो आणि मग उतरत जातो. डिक्शनरीत अर्थ मिळेल, 'लवकरच' किंवा 'वेळ होत आली'. अर्थ चुकीचा नाही, पण एखाद्या मिसळीचं वर्णन 'तिखट पदार्थ' असं करावं ना, तसा आहे. या शब्दाची खरी गंमत तो कोण म्हणतं, कुणाला म्हणतं आणि कधी म्हणतं, यात आहे.

आधी पाय, मग घड्याळ

मुळात हा शब्द वेळेचा नाहीच. तो पायांचा आहे. 'सोरोसोरो आरुकु' म्हणजे सावकाश, आवाज न करता, जपून पाऊल टाकत चालणं. आजारातून नुकताच उठलेला माणूस चालतो तसं. किंवा रात्री उशिरा घरी आल्यावर आई-बाबा उठू नयेत म्हणून आपण हॉलमधून बेडरूमपर्यंत जातो तसं!

याचाच जुना भाऊ म्हणजे 'सोरोरी'. जपानमध्ये क्योगेन नावाचा विनोदी नाट्यप्रकार आहे. सुमारे सहाशे वर्षांची परंपरा असलेला आणि 'नो' नाटकांच्या जोडीने होणारा. त्यातलं पात्र प्रवासाला निघालं की 'सोरोरी सोरोरी' जाऊ या म्हणतं, रंगमंचावर एक गोल फेरी मारतं आणि मुक्कामी पोचतं. सेट नाही, पडदा नाही, काही नाही. आपल्या तमाशातल्या वगात एक फेरी मारली की गाव बदलतं, अगदी तस्संच.

आणखी एक किस्सा. सोळाव्या शतकात तोयोतोमी हिदेयोशी हा जपानचा सर्वेसर्वा होता. त्याच्या दरबाराशी सोरोरी शिन्झाएमोन नावाच्या एका हजरजबाबी माणसाच्या गोष्टी जोडल्या जातात. आपल्याकडे अकबराबरोबर बिरबलाच्या जोडतात तशाच. हा म्हणे तलवारीची म्यानं बनवायचा. त्याच्या म्यानात तलवार इतकी अलगद सरकायची की त्याचं नावच 'सोरोरी' पडलं. खरं-खोटं हिदेयोशीला माहीत! पण शब्दाचा पोत यातून बरोबर कळतो. कुठे अडकणं नाही, खडखडाट नाही, धक्का नाही.

अशा या पायांच्या शब्दाचा हळूच वेळेचा शब्द झाला. सावकाश पावलं टाकत येणारी गोष्ट जवळ आली की ती 'सोरोसोरो' आली.

'सोरोसोरो नात्सु देसु ने' म्हणजे उन्हाळा आलाच म्हणायचा की.

'सोरोसोरो जिकान देसु' म्हणजे वेळ होत आली.

'सोरोसोरो इकिमाश्यो का' म्हणजे निघूया का आता?

'सोरोसोरो शित्सुरेई शिमास' म्हणजे बराय, येतो मी. शब्दशः बघितलं तर 'आता मी असभ्यपणा करतो'! निघून जाण्यालाच असभ्यपणा म्हणून त्याची आगाऊ माफी मागून टाकायची, हा जपानी खाक्या.

'मामोनाकु' आणि 'सोरोसोरो'

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, परीक्षा नाहीये.

टोकियोत कुठल्याही स्टेशनवर उभे राहा. घोषणा ऐकू येते, 'मामोनाकु' अमुक प्लॅटफॉर्मवर गाडी येत आहे. 'मामोनाकु' म्हणजेही लवकरच. मग तिथे 'सोरोसोरो' का नाही? कारण गाडी टाइमटेबलप्रमाणे येते. त्यात कुणाला काय वाटतं याचा प्रश्नच नाही. 'सोरोसोरो'मध्ये बोलणाऱ्याचा अंदाज असतो. 'मला वाटतं, वेळ झाली. तुम्हालाही वाटतंय ना?' असा सूर. स्टेशनच्या लाउडस्पीकरने असा प्रेमळ सूर लावला तर लोक गाडी सोडून त्याच्याकडेच बघत बसतील.

दुसरी अट, गोष्ट अपेक्षित हवी. सगळ्यांना मनातून ठाऊक असलेली, कुणी तरी फक्त बोलून दाखवायची राहिलेली. अचानक लाइट गेले, त्याला सोरोसोरो चालणार नाही. रस्त्यात शाळेतला मित्र अचानक समोर आला, त्यासाठी जपानीत वेगळाच शब्द आहे, 'बात्तारी'.

तिसरी अट, घाई नको. 'हायाकु!' म्हणजे लवकर, चल, आटप. सोरोसोरो म्हटल्यावर कुणी ताडकन उठत नाही. चहाचा शेवटचा घोट होतो, चालू गोष्ट संपते, चपला शोधल्या जातात.

आणि सगळ्यात भारी भाग म्हणजे पुढचं वाक्य म्हणावंच लागत नाही. मी पुण्यात जपानी शिकत होते तेव्हा आमच्या सेन्सेई तास संपायच्या सुमारास पुस्तकावर हात ठेवून 'सोरोसोरो...' एवढंच म्हणायच्या. बास. पुढे क्रियापद नाही, काही नाही. वर्गातल्या आम्हा पंचवीस जणांना नेमकं कळायचं. 'मिन्ना नो निहोंगो' हे जपानी शिकणाऱ्यांचं लाडकं पुस्तक, त्यातही हा शब्द सुरुवातीच्याच धड्यांत भेटतो. आणि ते योग्यच आहे. कुणाच्या घरी जायचं कसं, हे शिकवलं तर तिथून निघायचं कसं, हेही शिकवायलाच हवं ना!

शब्दांचा गोतावळा

सोरोसोरो एकटा नाही. असे शब्द जपानीत हजारोंनी आहेत. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने २००७ मध्ये फक्त अशाच शब्दांचा एक कोश काढला. शब्द किती? ४,५००! काही शब्द आवाजाची नक्कल करतात. काही मात्र जिथे आवाजच नसतो, तिथेही एखादी अवस्था किंवा मनातली भावना ध्वनीत पकडतात. मांगामध्ये तर संपूर्ण शांततेलाही शब्द असतो, 'शीन'.

आणि यातले कितीतरी शब्द जणू ऑफिससाठीच बनवलेत. डेडलाइनच्या अगदी काठावर काम दिलं, की 'गिरिगिरि'. सिस्टीम सतत हँग होतेय आणि डोकं फिरतंय, 'इराइरा'. अप्रेझलच्या आधीची धाकधूक, 'दोकिदोकि'. दुपारी एक वाजता पोटात ओरडणारे कावळे, 'पेकोपेको'. महिनाअखेरीला पार पिट्ट्या पडणं, 'कुताकुता'. आणि क्लायंटसमोर फाडफाड बोलणारा तुमचा सहकारी? तो 'पेरापेरा'.

'फाडफाड' म्हटल्यावर काही लक्षात आलं? आपल्याकडेही हा खजिना आहे! सहावी-सातवीच्या व्याकरणात 'अभ्यस्त शब्द' होते, त्यातला 'अनुकरणवाचक' हा उपप्रकार आठवा. एका पावसासाठी आपल्याकडे रिमझिम, भुरभुर, रिपरिप, टपटप, धो धो. तारे लुकलुकतात, डोळे लकाकतात, पानं सळसळतात, सासू धुसफुसते. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये यावर एक गाजलेला लेख लिहिला. मराठी-हिंदीकडच्या भाषा असोत की तमीळ-कन्नडकडच्या, कुळं वेगळी असूनही असे दुहेरी शब्द भारतभर कसे पसरलेत, ते त्यांनी दाखवून दिलं. त्यामुळे जपानी शिकणाऱ्या इंग्रज माणसाला हे शब्द घोकावे लागतात, आपल्याला मात्र ते ओळखीचे वाटतात. त्यांचं 'गुरुगुरु' म्हणजे गोल गोल फिरणं, आपलं 'गरगर'. सांगा बरं, वेगळं शिकवायला हवं का?

या शब्दांत एक छुपी युक्ती असते. पहिलं व्यंजन जड केलं की चित्रही जड होतं. 'कोरोकोरो' म्हणजे गोटी घरंगळते, 'गोरोगोरो' म्हणजे धोंडा गडगडतो. 'किराकिरा' म्हणजे चांदणी चमकते, 'गिरागिरा' म्हणजे ऊन डोळ्यांत खुपतं. आपल्याकडे पागोळी टपटपते आणि धबधबा धबधबतो, तसंच काहीसं.

मग 'सोरोसोरो'तला 'स' जड करून 'झ' केला तर? 'झोरोझोरो'. अर्थ, माणसांची रांगच्या रांग एकामागोमाग लोंढ्यासारखी जाणं. संध्याकाळी लोकलमधून चर्चगेटऐवजी विरारला उतरणारी गर्दी डोळ्यासमोर आणा.

हा 'झोरोझोरो' लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आपलं 'हळूहळू'

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं कौतुक करतेस, मराठीत आहे का असा शब्द? आहे की! लग्नाच्या हॉलमधली शेवटची पंगत आठवा. सगळे सुस्तावलेले. एखादी मावशी पदर सावरत म्हणते, 'चला, हळूहळू निघायला हवं.' तिला सावकाश चालायचंय का? मुळीच नाही. तिला म्हणायचंय, वेळ झाली, सगळ्यांनाच कळतंय, आता उठूया. 'हळूहळू आवरायला घ्या' म्हणणाऱ्या आजीलाही कूर्मगती अपेक्षित नसते. पायांच्या शब्दाचा घड्याळाचा शब्द होण्याचा जो प्रवास जपानीत झाला, तोच मराठीनेही केलाय. कुणी कुणाची कॉपी न करता.

का बरं झालं असेल असं? मला वाटतं, कारण दोन्हीकडे उठून जाणं ही अवघड गोष्ट आहे. पाहुणा 'निघतो' म्हणाला की आपण म्हणतो, 'बसा हो, काय घाई आहे? चहा तरी घ्या.' जपानी यजमान म्हणतो, 'मादा ई जा नाई देसु का', म्हणजे अजून वेळ आहे की! आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. नारळ फोडत नाही, 'वाढवतो'. बांगडी फुटत नाही, 'वाढते'. जपानी माणूसही लग्नाच्या किंवा पार्टीच्या शेवटी 'संपलं' म्हणत नाही. तो म्हणतो 'ओहिराकी', म्हणजे चक्क 'उघडणं'. 'सोरोसोरो ओहिराकी' म्हटलं की तालात टाळ्या वाजतात आणि कार्यक्रम संपतो. (आणि अर्धे लोक दुसऱ्या बारकडे वळतात, तो भाग वेगळा!)

म्हणजे शेवट करायचा, पण शेवट केला असं दिसू द्यायचं नाही. त्यासाठी असा अलगद सरकणारा शब्द हवाच.

अख्खं शहर म्हणतं, सोरोसोरो

जपानने हे फक्त शब्दावर सोडलेलं नाही. दुकान किंवा मॉल बंद व्हायची वेळ झाली की स्पीकरवर एक ओळखीची सुरावट सुरू होते. मूळ स्कॉटलंडमधली 'ऑल्ड लँग साइन'ची चाल. जपानमध्ये तिला 'होतारु नो हिकारी' या गाण्यामुळे घराघरांत ओळखतात. ती वाजली की कुणी हाकलत नाही, शटर अर्धं ओढत नाही. लोक आपापल्या टोपल्या घेऊन बिलिंगकडे सरकतात.

कराओकेच्या खोलीत वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी भिंतीवरचा फोन वाजतो. गावागावांत आपत्तीच्या सूचना देणारे भोंगे असतात. त्यांची रोजची तपासणी म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यावर एखादी बालगीताची धून लावतात. मैदानात खेळणारी पोरं ती ऐकून घरी पळतात. आईला गॅलरीतून ओरडायची गरजच नाही.

क्योतोबद्दल तर एक प्रसिद्ध किस्सा आहे. पाहुणा उठतच नसेल तर यजमानीण विचारते, 'बुबुझुके घेणार का?' बुबुझुके म्हणजे भातावर चहा ओतून केलेला साधा पदार्थ. ऐकणाऱ्याने ओळखायचं, आता निघा. हो म्हणून पाटावर बसलात तर संपलात! यावर 'राकुगो'मध्ये, म्हणजे बसून सांगायच्या विनोदी कथांमध्ये, एक कथाही आहे. आज खरोखर असं कुणी करतं का, हा भाग सोडा. पण किस्सा अख्ख्या जपानला ठाऊक आहे, कारण दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. उठा म्हणायचं कसं?

इथेच सोरोसोरोचा पहिला नियम कळतो. तो पाहुण्याने म्हणायचा. यजमानाने 'सोरोसोरो घरी जाता का?' म्हटलं की तोच मऊ शब्द टाचणी होतो.

मऊ शब्दाचं टोक

आणि ही टाचणी जपानमधले तरुण चांगलीच ओळखतात. 'सोरोसोरो केक्कोन शितारा?' म्हणजे आता लग्नाचं मनावर घ्या. 'सोरोसोरो ई तोशी दा कारा', म्हणजे आता वय झालं की तुझं! आपल्याकडच्या 'मग, लाडू कधी?' या प्रश्नाची टोकियो आवृत्ती. चुलत मावशी तिकडेही असतात, काळजी नको.

गंमत बघा. शब्द तोच, सूरही तोच प्रेमळ. पण 'तुम्हालाही वाटतंय ना?' या गृहीतातच गोची आहे. मला नाही वाटत, मावशी! माझी वेळ झालेली नाही. सोरोसोरो हा दोघांना एकच गोष्ट वाटत असेल तेव्हाचा शब्द आहे. ती वाटत नसताना म्हटला की तो दबाव होतो. स्वतःच्या निघण्याबद्दल म्हटलात तर नम्रपणा. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल म्हटलात तर भोचकपणा.

पुन्हा एकदा, सात वाजून दहा मिनिटं

आता येऊ ऑफिसकडे. इतका गोड शब्द असलेल्या देशात लोक वेळेवर घरी जात असतील, असं वाटलं ना? चूक. कामाच्या ताणाने येणाऱ्या मृत्यूला 'कारोशी' हा स्वतंत्र शब्द ज्या भाषेने जगाला दिला, तीच ही भाषा. आणखी एक शब्द ऐका, 'त्सुकिआई झांग्यो'. झांग्यो म्हणजे ओव्हरटाइम, त्सुकिआई म्हणजे सोबत. स्वतःचं काम संपलेलं असताना इतर थांबलेत म्हणून थांबणं. सोबतीचा ओव्हरटाइम! हा शब्द वाचून तुम्हाला तुमचाच फ्लोअर आठवला असेल, तर तुम्ही एकटे नाही.

तिथे ऑफिसातून आधी निघणारा म्हणतो, 'ओसाकी नि शित्सुरेई शिमास'. म्हणजे तुमच्या आधी जाण्याचा असभ्यपणा करतो. उरलेले म्हणतात, 'ओत्सुकारेसामा देश्ता', दमलात हो, छान काम केलंत. किती सुंदर रिवाज! पण तो पहिला माणूस उठणार कधी?

सरकारने प्रयत्न करून बघितले. २४ फेब्रुवारी २०१७ला 'प्रीमियम फ्रायडे' सुरू झाला. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी तीनला घरी जा, फिरा, खरेदी करा, अशी योजना. उद्योगसंघटनाही सोबत होत्या. आता महिन्याचा शेवटचा शुक्रवार म्हणजे हिशेब, बिलं, टार्गेट! त्या दिवशी तीनला कोण उठणार? योजना काही रुजली नाही. मग २०१८ मध्ये कायदाच झाला. एप्रिल २०१९पासून मोठ्या कंपन्यांना आणि एप्रिल २०२०पासून छोट्या-मध्यम कंपन्यांनाही ओव्हरटाइमची मर्यादा आली. साधारणपणे महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तास. अगदीच अडचण असेल तरी वर्षाला ७२० तास, आणि कुठल्याही एका महिन्यात १०० तासांच्या आत. मोडली तर शिक्षा.

कायदा हवाच. तो नसेल तर बाकी सगळं गोड बोलणं फुकट. पण कायदा आकडा देतो. मंगळवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खुर्ची मागे सारायचं काम तो करू शकत नाही. ते कुणीतरी करावं लागतं.

तर त्या क्षणी तीन रस्ते असतात, आणि जपानीत तिन्हींना शब्द आहेत. पहिला 'कोसोकोसो', म्हणजे गुपचूप, चोरपावलांनी. बॅग आधीच पॅन्ट्रीत नेऊन ठेवायची, फोनवर बोलत बोलत लिफ्टकडे जायचं, मॉनिटर चालू ठेवायचा. यात तुम्ही घरी पोचता, पण अपराधी होऊन. आणि मागे राहिलेले अजून घट्ट बसतात.

दुसरा 'सोरोसोरो'. जागेवर उभं राहायचं, ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं आणि निघायचं. स्पष्टीकरण नाही, 'आज जरा डेंटिस्टकडे...' नाही.

आणि तिसरा आपला 'झोरोझोरो'. एकाने सोरोसोरो म्हटलं की पाच मिनिटांत निम्मा फ्लोअर लिफ्टसमोर! कारण सगळे त्याच एका शब्दाची वाट बघत असतात.

पण खरा मुद्दा पुढे आहे. हे म्हणायचं कुणी? नव्या जॉइन झालेल्या पोराने? त्याला आम्ही हे ज्ञान दिलं तर पुढच्या अप्रेझलला आम्ही येणार आहोत का? जपानी शिष्टाचार इथे फार प्रामाणिक आहे. बॉसला 'निघूया का?' असं ज्युनियरने सुचवणं तिथे धाडसाचं मानलं जातं. फार तर 'सोरोसोरो ओजिकान देसु', सर, वेळ होत आलीय, एवढी आठवण तो करून देऊ शकतो. 'सोरोसोरो काएरो का', चला, जाऊया का घरी, हे वाक्य ज्याच्या तोंडी शोभतं आणि चालतं तो वरचा माणूस. पाहुणा उठतो तेव्हा तो शब्द यजमानाला मोकळं करतो. ऑफिसात मात्र थांबवणारा जो आहे, त्यानेच आधी उठावं लागतं.

आणि आता जरा आरशात बघा. हा कॉलम वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण कालपर्यंत केबिनमधल्या दिव्याकडे बघत बसायचे. आज त्यांच्याच नावापुढे 'टीम लीड' लागलंय. चार-सहा पोरं तुमच्याकडे बघतायत. तुम्ही ट्रॅफिक कमी व्हावा म्हणून निवांत यूट्यूब बघत बसलाय आणि पलीकडे एकीची शेवटची फास्ट लोकल चुकतेय, हे तुमच्या गावीही नाही. घरून काम करत असाल तर तेच हिरव्या ठिपक्याचं. तुमचा ठिपका हिरवा आहे, म्हणून त्यांचेही हिरवे आहेत. रात्री साडेनऊला.

यासाठी जपानी यायला हवं असं काही नाही. क्लास लावू नका, पोस्टर चिकटवू नका, एचआरला 'सोरोसोरो डे' काढायला तर मुळीच सांगू नका. उद्या काम आटोपलं की फक्त उभं राहा. लॅपटॉपचं झाकण जरा आवाज होईल असं मिटा. आणि मावशीच्या त्या मराठीत म्हणा, 'चला रे, हळूहळू निघूया.'

मग लिफ्टपाशी रांग लागते की नाही बघा.